बारा परीक्षक वस्तीवर शोधा

नवे ॲप गूगलच्या प्ले स्टोअरवर सर्वांसाठी खुले करायचे, तर नव्याने वैयक्तिक खाते उघडलेल्या डेव्हलपरला आधी एक अट पूर्ण करावी लागते. किमान १२ माणसांनी सलग १४ दिवस त्या ॲपच्या बंद, म्हणजे निवडक लोकांपुरत्या, चाचणीत राहायला हवे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या खात्यांना ही अट लागू आहे. सुरुवातीला आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो १२ वर आला. ॲप मोबाइलचे असो की टीव्हीचे, लोकांच्या हाती जाण्याआधी ते काही माणसांनी वापरून बघावे, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण या अटीचा आता बाजार झाला आहे. पैसे भरा, बारा परीक्षक मिळवा, अशा सेवा इंटरनेटवर उघड विकल्या जातात. कुठल्या तरी बारा फोनवर ॲप उतरते, चौदा दिवस तिथे पडून राहते, कागदोपत्री चाचणी पूर्ण होते. कुणीही न वापरलेली ती वस्तू मग आपल्या घरातल्या टीव्हीवर येऊन बसते.

मी राहुरी तालुक्यात केबलचा व्यवसाय करतो. छत्रीच्या आकाराच्या डिशपासून आजच्या फायबरपर्यंतचा काळ मी याच तालुक्यात काढला. गावठाणातल्या माड्या आणि शेतातल्या वस्त्या, दोन्हीकडे माझे रोजचे जाणे-येणे आहे. टीव्ही विकणारा विकून मोकळा होतो. त्यानंतर ‘दादा, चित्र दिसंना’ असा फोन येतो तो आमच्यासारख्याला. त्या अनुभवावर उभे राहून मी एक मागणी करतो आहे. मराठी माणसांसाठी टीव्हीवर जे काही आणाल, ते प्रसिद्ध करण्याआधी जिल्ह्यातल्या खऱ्या घरांत तपासा. ज्यांना ते रोज वापरायचे आहे, त्यांच्याच हातात रिमोट द्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

हे मी का म्हणतो, ते आमच्या वाहिनीवरून सांगतो. केबलवर आमची एक स्थानिक वाहिनी वर्षानुवर्षे चालत आली. ताहराबादला संत महिपती महाराजांच्या यात्रेतले कीर्तन, सराला बेटाचा गंगागिरी महाराज सप्ताह, शाळांची गॅदरिंग, निवडणुकीची मतमोजणी, मुळा धरणातून पाण्याचे आवर्तन कधी सुटणार याची बातमी, असे सगळे तिच्यावर असायचे. कुठलीही मोठी वाहिनी हे दाखवणार नाही. लोक केबल सोडून वायफाय आणि स्मार्ट टीव्हीकडे वळले तशी ही वाहिनी एकेका घरातून पुसली जाऊ लागली. म्हणून ती स्मार्ट टीव्हीचे ॲप करून आणायचे ठरवले. गावातल्याच, इंजिनिअरिंग झालेल्या एका मुलाने ते बांधायला घेतले. वर थेट प्रक्षेपण, मागे जुन्या कीर्तनांचा साठा आणि पडद्याच्या तळाशी राहुरी, नगर आणि घोडेगावचे कांद्याचे भाव. त्याच्या टेबलावरच्या मॉनिटरवर सगळे झकास चालत होते. ते बाजारात न आणता आधी आम्ही ओळखीच्या घरांत नेले, आणि घरांनी आम्हाला शिकवायला सुरुवात केली.

पहिलाच धडा कांद्याच्या भावाचा. काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवतात. त्यामुळे तळाची भावाची पट्टी अर्धी पडद्याबाहेर गेली. एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी या कांद्याच्या प्रतींची नावे दिसत होती, पण खालचा आकडा दिसत नव्हता. चारही बाजूंना सुमारे पाच टक्के जागा मोकळी ठेवावी, असे टीव्हीसाठी ॲप बनवणाऱ्यांना मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले असते. पण ती जागा कशासाठी सोडायची, हे त्या मुलाला कळले ते एक शेतकरी पडद्यासमोर वाकून आकडा शोधू लागला तेव्हा.

दुसरा धडा अक्षरांचा. एका जुन्या बॉक्सवर ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द मोडून येत होता. त्यातला ‘ऱ्या’ जुळतच नव्हता. र वेगळा, त्याखाली टिंब, मग पाय मोडल्याची खूण आणि पुढे सुटा या. ‘ॲप’मधल्या ॲ च्या जागी रिकामी चौकट. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते २००८ साली, आणि स्वस्त बॉक्समधले अक्षरसंच बनवणाऱ्याने डोळ्यांसमोर मराठी ठेवलेली असेलच असे नाही. हिंदी नीट दिसली म्हणजे देवनागरीचे काम झाले, असे धरून चालणारे पुष्कळ आहेत. आमच्या वाहिनीत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्दच मोडका दिसत होता. शेवटी ॲपमध्येच चांगला मराठी अक्षरसंच घातला, तेव्हा तो प्रश्न सुटला.

तिसरा धडा सर्वांत मोठा. ॲप उघडले की मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल, तो भरा, अशी पहिली पाटी होती. डेव्हलपरच्या पिढीला यात काही गैर वाटत नाही. पण आमच्याकडे कितीतरी घरांत टीव्ही आई-वडिलांसमोर असतो आणि नंबर मुलाचा असतो. मुलगा चाकणला किंवा वाळूजला कंपनीत. ओटीपी त्याच्या फोनवर, तो पाळीवर, फोन लॉकरमध्ये. इकडे वस्तीवर म्हातारी पडद्याकडे बघत बसलेली. शिवाय रिमोटच्या बाणांनी दहा आकडे एकेक करून टाकायचे, हे डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्या माणसाला किती अवघड जाते, ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. निवडलेल्या चौकटीभोवतीची फिकट निळी कड एका आजीला दिसतच नव्हती. ‘मी कुठं हाये त्येच कळंना,’ असे ती म्हणाली. आम्ही ओटीपी काढून टाकला आणि चौकटीला जाड पिवळी कड दिली. कीर्तन ऐकायला ओळखपत्र कशाला मागायचे?

मग लाईटचा प्रश्न. आमच्याकडे लाईट जाते आणि येते. ती आली की टीव्ही आधी सुरू होतो. फायबरचा डबा आणि वायफाय यांना जागे व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात ॲपने नेट शोधले, मिळाले नाही, ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ अशी पाटी लावली आणि तिथेच थांबले. नेट आले तरी पाटी हटेना. घरचे धरून चालले, की केबलवाल्याची लाइन तुटली. डेव्हलपरच्या खोलीत इन्व्हर्टर होता. तिथे वायफाय कधी बंदच पडले नव्हते, म्हणून हा दोष त्याला कधी भेटला नाही. थोड्या थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा प्रयत्न कर, एवढी सूचना ॲपमध्ये घालायची होती. काम बारीक, पण ते राहून गेले असते तर वाहिनी गावात पहिल्याच आठवड्यात बदनाम झाली असती.

गळीत हंगामात आणखी एक गोष्ट होते. उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावरून जातात, वर लोंबणारी लाइन उसाच्या मोळ्यांत अडकते आणि तुटते. जोडणी होईपर्यंत लोक मोबाइलचे हॉटस्पॉट लावून टीव्ही बघतात. अशा वेळी चित्राचा दर्जा आपोआप खाली यावा, आवाज मात्र तुटू नये. कीर्तनात चित्र धूसर झालेले चालते, अभंगाचे चरण तुटलेले चालत नाहीत. त्यामुळे आम्ही सर्वांत खालचा दर्जा जवळजवळ केवळ आवाजापुरता ठेवला. टीव्हीला लावायच्या स्वस्त स्टिक आणि स्वस्त टीव्हींमध्ये बऱ्याचदा एक जीबीच रॅम असते. तिथे चित्र आणि धावती पट्टी एकत्र चालवली की ॲप मध्येच बंद पडायचे, म्हणून पट्टीचे धावणे थांबवून ती स्थिर केली. लोकांना स्थिर पट्टीच जास्त आवडली, कारण भाव वहीत उतरवून घेता येऊ लागले.

हे सगळे शोधायला प्रयोगशाळा लागली नाही. पण चाचणी घ्यायची कशी, हे मात्र शिकावे लागले. आमच्याकडची माणसे भिडस्त. गावातल्या मुलाने मेहनतीने केलेले काम त्याच्या तोंडावर वाईट म्हणणार नाहीत. ‘कसं वाटलं?’ असे विचारले की ‘छान हाये की’ हे उत्तर ठरलेले, वर चहा. त्या उत्तराचा काही उपयोग नाही. म्हणून मत विचारणे बंद केले आणि काम द्यायला सुरुवात केली. ‘मावशी, आजचा घोडेगावचा गोल्टीचा भाव काढून दाखवा.’ ‘बाबा, कालचं कीर्तन जिथं सोडलं तिथून लावा.’ काम सांगायचे आणि मागे सरकून गप्प बसायचे. रिमोट त्यांच्या हातातून घ्यायचा नाही, ‘वरचं बटण दाबा’ असे सांगायचे नाही. बोट कुठे थबकते, मान कुठे वळते, कोणत्या वेळी नातवाला हाक मारली जाते, तेवढे लिहून घ्यायचे. नातवाला हाक मारली की समजावे, ॲप तिथे नापास झाले. ज्या घरात नातू नाही, त्या घरात ते तिथेच बंद होणार आहे.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. मोठ्या कंपन्यांकडे शेकडो टीव्ही मांडून ठेवलेल्या खोल्या असतात, यंत्रेच यंत्रांची चाचणी घेतात, मग राहुरीच्या बारा घरांत असे काय वेगळे मिळणार? यंत्राची चाचणी हवीच. ॲप कुठे अडकते, किती रॅम खाते, हे यंत्र माणसापेक्षा लवकर सांगेल. पण ओटीपी चाकणला जातो, हे यंत्राला सांगता येणार नाही. लाईट आल्यावर वायफायच्या आधी टीव्ही सुरू होतो, हे कुणी आधी सांगितले तरच यंत्र तपासेल. प्रश्न कोणते विचारायचे, ते घरातूनच कळते.

टीव्ही गावात नेताना गावाचे ऐकायचे, ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत रोज चार तास कार्यक्रम दाखवले. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाची व्यवस्था सांभाळणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. त्या प्रयोगात तंत्रज्ञांच्या बरोबरीने समाजशास्त्राचे अभ्यासक होते. ते गावांत जाऊन राहिले. लोक काय बघतात, त्यातले काय समजते, बघून काही बदलते का, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. उपग्रह उसना होता, पैसा अपुरा होता, तरी प्रेक्षकाला विचारायला वेळ काढला गेला.

पुढे ती सवय सुटली. ग्रामीण भागातले जुने ॲनालॉग केबल प्रक्षेपण बंद करण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली आणि आम्ही घरोघर सेट टॉप बॉक्स बसवत फिरलो. मेनू इंग्रजीत, रिमोटवरची अक्षरे इंग्रजीत, चुकून एखादे बटण दाबले गेले की पडदा काळा. निम्म्या तक्रारींत बॉक्स चांगला असायचा, फक्त ‘सोर्स’ बदललेला असायचा. तो बॉक्स आधी दहा-वीस गावांत कुणी नीट वापरून बघितला असता, तर गावोगावच्या माणसांचे हेलपाटे वाचले असते. आज स्मार्ट टीव्हीच्या ॲपबाबत तेच पुन्हा होताना मी पाहतो आहे, म्हणून हे लिहितो आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे आपले ओटीटी ॲप आणले, त्यात मराठीही आहे. खासगी मराठी ओटीटीही आहेत. यापुढे शेतीचा सल्ला, शाळेचे पाठ आणि ग्रामसभा याच पडद्यावर येणार. चुकीच्या मेनूमुळे मालिका हुकली तर चालेल, पण फवारणीचा सल्ला किंवा आवर्तनाची तारीख हुकून चालणार नाही.

चाचणीचा दरवाजा किती उघडा ठेवायचा, हाही प्रश्न आहे, आणि त्यात माझे मत कडक आहे. अमेरिकेत टीव्हीला जोडायचे रोकू नावाचे उपकरण घरोघर आहे. त्याच्यावर पूर्वी एक कोड टाकला की कंपनीच्या दुकानात नसलेले खासगी चॅनेल कुणालाही बसवता येई. नव्या चॅनेलची चाचणी त्यामुळे सोपी झाली, पण चोरीचे कार्यक्रमही त्याच वाटेने शिरले. चोरीच्या चॅनेलमुळे मेक्सिकोत २०१७ मध्ये न्यायालयाने या उपकरणाची विक्रीच थांबवली होती, ती बंदी २०१८ मध्ये उठली. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने खासगी चॅनेल बंद केली आणि त्यांच्या जागी चाचणीपुरती बीटा चॅनेल आणली. परीक्षक जास्तीत जास्त २० आणि मुदत १२० दिवसांची. ॲमेझॉनने २०२५ मध्ये वेगा या नव्या प्रणालीची स्टिक आणली. तिच्यावर सामान्य ग्राहकाला कंपनीच्या दुकानाबाहेरचे ॲप टाकता येत नाही.

काही तरुणांना यात स्वातंत्र्य गेल्यासारखे वाटते. मला ही बंधने योग्य वाटतात. क्रिकेटचा सामना फुकट दिसतो म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली अनोळखी फाइल टीव्हीत टाकलेली घरे मी पाहिली आहेत. त्या टीव्हीवर नंतर काय काय उगवते आणि तो घरातली कोणती माहिती कुठे पाठवतो, हे त्या घराला कळत नाही. पण वाटा बंद होत असताना जी सरळ वाट उरली आहे, ती आपण वापरली पाहिजे. बारा किंवा वीस माणसे आणि ठरावीक दिवस, ही अट लहान माणसाच्या फायद्याची आहे. बारा घरे कुठल्याही तालुक्यात मिळतात. तिथे कोण राहते, ते आपल्याला ठाऊक असते. बारा अनोळखी फोन विकत घेणारा डेव्हलपर हीच संधी पैसे देऊन गमावतो.

घरांशी वागण्याचेही काही नियम हवेत. हे ॲप अजून कच्चे आहे, ते बंद पडू शकते, हे आधी सांगावे. कोणती नोंद ठेवली जाणार आणि ती कोण बघणार, हे मराठीत एका पानावर लिहून द्यावे, वाचता येत नसेल तिथे वाचून दाखवावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो. वस्तीवरच्या आजीची संमती ही मुंबईतल्या ग्राहकाच्या संमतीइतकीच मोलाची आहे. नको वाटले तर तिला त्याच दिवशी बाहेर पडता आले पाहिजे. चाचणी संपली की ॲप काढून द्यावे, टीव्ही होता तसा करून द्यावा. आणि मोबदला द्यावा. कांदे काढणीला गेलेल्या बाईला रोज मिळतो. चार संध्याकाळी बसून तुमच्या चुका दाखवणारी बाईही काम करत असते.

बारा घरे निवडताना सारखी बारा घेऊ नयेत. एक घर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे असावे. एक शेतातल्या वस्तीवरचे, एक हॉटस्पॉटवर चालणारे, एक जुन्या टीव्हीला स्टिक लावलेले. अकोले तालुक्याच्या डोंगरातले एक, जिथे रेंज सुटते. शेवगाव-पाथर्डीकडचे एक, जिथून माणसे ऊसतोडीला जातात आणि टीव्ही सहा महिने बंद राहतो. तो पुन्हा सुरू झाल्यावर ॲप आधी काय मागते, हे तिथेच कळेल. एक झेडपीची शाळा, एक ग्रामपंचायत. ऐकू कमी येणारा एक माणूस आणि एक असा, ज्याला लिहिता-वाचता येत नाही.

हे करायला आपल्याकडे माणसे आहेत. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि विस्तार शिक्षण हे त्याचे कामच आहे. नगर, लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो. बारा घरांत बसून टीव्हीच्या ॲपची चाचणी घेणे आणि अहवाल मराठीत लिहिणे, हा प्रकल्प का मानू नये? केबलवाले आणि फायबरवाले घरे दाखवतील. कुठल्या घरात कोणता बॉक्स आहे, हे आमच्याइतके कुणालाच माहीत नाही. आणि सरकारने आपल्या पैशातून टीव्हीसाठी काही बनवून घेताना निविदेतच लिहावे, की इतक्या तालुक्यांत, अशा घरांत चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. हप्ता अडला की चाचणी होते, हे सरकारी कामाशी संबंध आलेला कुणीही सांगेल.

माझी शेवटची मागणी खर्चाची नाही. औषधाच्या बाटलीवर तारीख छापलेली असते, तसे प्रत्येक मराठी ॲपच्या माहितीत एक ओळ लिहिलेली असावी: हे कुठे आणि कोणत्या प्रकारच्या घरांत तपासले. अकोले, राहुरी, पाथर्डी, कर्जत, जिथे तपासले त्या तालुक्यांची नावे. ती ओळ खरी लिहायची तर डेव्हलपरला घराबाहेर पडावे लागेल, वस्तीवर जावे लागेल आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसावे लागेल. ज्या ॲपला ही ओळ लिहिता येत नाही, ते मराठी प्रेक्षकासाठी तयार झालेले नाही, असे आपण मानावे आणि तसे स्पष्ट सांगावे. आमच्या वाहिनीच्या ॲपवर ती ओळ असेल.